कड सांभाळणारा माणूस

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सर्वांत जास्त उसनी मागितली जाणारी वस्तू कोणती, असं विचारलं तर फर्स्ट इयरचा मुलगाही लगेच सांगेल, चिकटपट्टी! ड्रॉइंग शीटचा फाटलेला कोपरा, जर्नलचं सुटलेलं कव्हर, खिडकीची तडकलेली काच, चार्जरची लोंबणारी वायर (इलेक्ट्रिकलच्या सरांनी हे वाक्य वाचू नये ही नम्र विनंती), सगळ्यांवर एकच इलाज. पण ही वस्तू शोधली कुणी, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. एडिसन, राईट बंधू, आपले विश्वेश्वरय्या यांची चरित्रं आपण शाळेपासून वाचत आलो. चिकटपट्टीवाल्याचं चरित्र मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. त्याचं नाव रिचर्ड गर्ली ड्रू. अमेरिकेत शोधकांमध्ये हे नाव मोठ्या मानाने घेतलं जातं. आणि गंमत म्हणजे त्याच्या शोधाची सुरुवात ऑफिसात किंवा शाळेत नाही, तर गाड्या रंगवायच्या गॅरेजमध्ये झाली. तिथे ती पट्टी आजही रोज लागते. कशी, ते पुढे येईलच.

कॉलेज सोडलेला बँजोवाला

ड्रूचा जन्म २२ जून १८९९ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल या शहरात झाला. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे शहर. तरुणपणी तो डान्स ऑर्केस्ट्रामध्ये बँजो वाजवायचा, आणि त्या पैशांवर त्याने मिनेसोटा विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. म्हणजे रात्री वादन आणि सकाळी लेक्चर! आपल्यापैकी ज्यांनी गॅदरिंगची प्रॅक्टिस आणि युनिट टेस्ट एकाच आठवड्यात सांभाळली आहे, त्यांना याचा शेवट काय झाला असेल ते सांगायला नको. साधारण वर्षभरातच त्याने कॉलेज सोडलं. पण शिकणं सोडलं नाही. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम तो पोस्टाने करत राहिला.

१९२१ मध्ये त्याला गावातल्याच एका कंपनीत लॅब टेक्निशियनची नोकरी मिळाली. कंपनीचं नाव मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. आज आपण तिला थ्रीएम म्हणून ओळखतो. पण तेव्हा ती फार मोठी वगैरे नव्हती. उलट तिचा इतिहास एखाद्या सपशेल फसलेल्या प्रोजेक्टसारखा होता. १९०२ मध्ये लेक सुपीरियरच्या काठी टू हार्बर्स इथे पाच जणांनी ती सुरू केली, ती कुरुंदाची खाण चालवायला. कुरुंद म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेलं खनिज. ग्राइंडिंग व्हीलसाठी त्याला तेव्हा चांगली मागणी होती. खाण खणल्यावर कळलं की हा कुरुंद नाहीच, हा दुसराच एक नरम दगड आहे, घासायच्या कामाला निरुपयोगी! मग कंपनी बाहेरून कण विकत आणून काचपेपर बनवायला लागली. तिथेही नशीब आडवं आलं. १९१४ मध्ये स्पेनहून जहाजाने आलेल्या मालावर ऑलिव्ह तेल सांडलं होतं. तेलकट कण कागदाला धरेनात, आणि गिऱ्हाइकांच्या हातात काचपेपर सोलून निघायला लागला. या प्रकारातून धडा घेऊन कंपनीने पुढे १९१६ मध्ये स्वतःची छोटीशी प्रयोगशाळा काढली. काय चिकटतं, काय चिकटत नाही आणि का, हे तपासणारी. ड्रू याच प्रयोगशाळेत रुजू झाला.

वॉटर पेपर घेऊन गॅरेजमध्ये

त्याच सुमारास कंपनीला फ्रान्सिस ओकी नावाचा एक शाई बनवणारा गृहस्थ भेटला. त्याने पाण्यात भिजवून वापरता येईल असा काचपेपर शोधून काढला होता. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाले ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तोच हा. कोरडा काचपेपर रंगावर घासला की धूळ उडते, रंगात शिसं असेल तर ती विषारी असते, शिवाय पेपर लगेच भरून जातो आणि ओरखडे पडतात. पाण्यामुळे धूळ बसते, घर्षणाची उष्णता निघून जाते आणि फिनिश कितीतरी गुळगुळीत येतं. १९२१ मध्ये हा पेपर बाजारात आला. त्याचे नमुने घेऊन सेंट पॉलमधल्या गॅरेजमध्ये जायचं, कारागिरांकडून वापरून बघायचे आणि ते काय म्हणतात ते लिहून आणायचं, हे काम तरुण ड्रूकडे आलं. लॅबमधला पोरगा थेट ग्रीस आणि थिनरच्या वासात!

त्या दिवसांत अमेरिकेत दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली होती. वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या, आणि मध्ये अगदी रेषेसारखी सरळ सीमा. दिसायला झकास, पण रंगवणाऱ्याच्या जिवाला घोर. पहिला रंग वाळला की त्यावर कागद लावून तो झाकायचा आणि मग दुसरा रंग मारायचा. कागद लावायला कुणी खळ वापरायचं, कुणी दवाखान्यातली जखमेवर लावायची चिकटपट्टी. काम झाल्यावर ती पट्टी ओढली की तिच्याबरोबर खालचा ताजा रंगही सोलून यायचा. मग पुन्हा घासा, पुन्हा रंगवा. दोन-तीन दिवसांची मजुरी पाण्यात.

१९२३ मध्ये ड्रू असाच एका गॅरेजमध्ये वॉटर पेपर घेऊन पोचला, तेव्हा तिथला पेंटर नेमका याच कारणाने तोंडाला येईल ते बोलत होता. दुसरा कुणी सेल्समन असता तर नमुने टेबलावर ठेवून गुपचूप सटकला असता. ड्रू थांबला. पट्टी कशी निघते, रंग कुठून उखडतो ते त्याने नीट बघितलं आणि मी यावर उपाय शोधून देतो, असा शब्द देऊन टाकला. खिशात काही नसताना दिलेला शब्द! वय चोवीस, डिग्री नाही, आणि कंपनी विकते फक्त काचपेपर.

पण विचार केला तर त्याचा आत्मविश्वास अगदी हवेतला नव्हता. काचपेपर म्हणजे तरी काय? एक कागद, त्यावर एक चिकट थर आणि त्या थरात रुतवलेले कण. यातले कण काढून टाका. उरते ती चिकटपट्टीच! जे आपण रोज बनवतो त्यातून एक गोष्ट वजा केली की नवीन वस्तू मिळते, हे त्याच्या लक्षात आलं. इनोव्हेशन इनोव्हेशन म्हणून सेमिनारमध्ये आपण जे ऐकतो, ते बऱ्याचदा इतकंच असतं.

दोन वर्षं आणि नव्व्याण्णव डॉलर

समजायला सोपं, करायला अवघड. ड्रूला हवी होती ती पट्टी एकाच वेळी तीन उलटसुलट गोष्टी करणारी हवी होती. एक, ती नुसत्या बोटाच्या दाबाने चिकटली पाहिजे. पाणी नको, उष्णता नको. दोन, काम संपेपर्यंत ती हलता कामा नये. आणि तीन, काम संपल्यावर ती रंग न उचलता, मागे डाग न ठेवता निघाली पाहिजे. घट्ट धरणारा गोंद त्या काळी कुणीही दिला असता. वेळ झाली की सोडून देणारा गोंद मात्र कुणाकडेच नव्हता.

ड्रूने वनस्पती तेलं घेतली, निरनिराळे राळ घेतले, डिंक घेतले. काही मिश्रणं इतकी चिवट झाली की निघेनात, काही इतकी नरम की चिकटेनात. शेवटी सुतार लाकूड जोडायला वापरतात तो सरस आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण जमलं. सरस एकटा वाळला की काचेसारखा कडक होतो. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे सरस मऊ आणि चिकट राहतो.

गोंद जमला, पण कागद जमेना. साधा कागद ताणला की फाटतो आणि वळवला की चुरगळतो. आणि गाडी म्हणजे काही आपल्या ड्रॉइंग बोर्डासारखी सपाट वस्तू नव्हे. त्या काळच्या गाड्यांचे मडगार्ड तर चांगले फुगीर, लाटेसारखे वळलेले असायचे. सरळ पट्टी अशा गोलाईवर लावली की तिची बाहेरची कड ताणली जाते आणि आतल्या कडेला चुण्या पडतात. प्रत्येक चुणीखालून रंग आत शिरतो आणि रेषेची वाट लागते.

इथे कंपनीचे मॅकनाइटसाहेब चित्रात येतात. विल्यम मॅकनाइट हे १९०७ मध्ये सहायक हिशेबनीस म्हणून लागले आणि चढत चढत कंपनीचा सगळा कारभार बघायला लागले. त्यांनी ड्रूला सांगितलं की हे चिकटवाचिकटवी पुरे, तुझं काम वॉटर पेपरचं आहे, ते कर. ड्रूने ऐकलं... पण फार काळ नाही! सुरकुत्या पाडलेला क्रेप कागद वापरला तर तो ताणला जाईल आणि गोलाईवरही बसेल, ही कल्पना त्याच्या डोक्यात आली आणि तो पुन्हा जुन्याच टेबलावर जाऊन बसला. मॅकनाइटसाहेबांनी त्याला तसं करताना बघितलं. आपला हुकूम मोडलेला डोळ्यांनी दिसत असूनही ते काही न बोलता पुढे निघून गेले.

एवढ्यावर भागलं नाही. पट्टी मोठ्या प्रमाणावर बनवायला ड्रूला एक मशीन हवं होतं. साहेबांनी पैसे नाकारले. पण ड्रूला स्वतःच्या सहीने शंभर डॉलरपर्यंतची खरेदी करता येत होती. मग त्याने काय करावं? नव्व्याण्णव-नव्व्याण्णव डॉलरच्या ऑर्डर एकामागून एक काढल्या आणि तुकड्या-तुकड्यांनी मशीन उभं केलं! (आपल्या टेक्निकल फेस्टिव्हलच्या खजिनदारांनी यातून स्फूर्ती घेऊ नये. ऑडिट असतं.) पुढे त्याने हे स्वतःच साहेबांना सांगून टाकलं. त्याला नोकरीवरून काढलं नाही. उलट, धडपडणाऱ्या माणसाला थोडी मोकळीक द्यावी आणि त्याच्या चुका सोसाव्यात, हे धोरण कंपनीने या प्रकरणातून उचललं. कामाच्या वेळेतला पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा हा थ्रीएमचा प्रसिद्ध नियम याच मुळातून आला असं मानतात.

१९२५ मध्ये पट्टी तयार झाली. तीच मास्किंग टेप. तिच्या नावाचाही एक किस्सा सांगतात. सुरुवातीच्या पट्टीला गोंद फक्त दोन्ही कडांना होता, मधला भाग कोरडा. एका पेंटरने ती लावली आणि कागदाच्या वजनाने ती गळून पडली. वैतागून त्याने सेल्समनला सुनावलं की ही तुमच्या कंजूष मालकांना परत नेऊन द्या आणि गोंद जरा सढळ हाताने लावायला सांगा. कंजूष म्हणताना त्याने स्कॉच हा शब्द वापरला होता, कारण स्कॉटलंडची माणसं चिक्कू असतात असं तिकडे गमतीने म्हणायचे. गोंद पूर्ण रुंदीला आला, आणि ती शिवी मात्र ब्रँडचं नाव होऊन बसली!

पॉलिशिंग मशीन आणि गाडीची कड

आता सुरुवातीला म्हटलं तसं, ही पट्टी गॅरेजमध्ये आज कशी लागते ते बघू. मेकॅनिकलच्या मित्रांनी हा भाग नक्की वाचावा आणि बाकीच्यांनीही. कारण मोठ्या भावाच्या गाडीवर मशीन चालवायची हौस ब्रँच बघून येत नाही.

रंग मारताना मास्किंग टेप लागते हे ठीक. पण रंग वाळल्यावर त्यावर मशीनने पॉलिश करायचं तरीही चांगला कारागीर आधी टेप काढतो. कारण पॉलिश म्हणजे रंगावर काहीतरी लावणं नसून रंगाचा अगदी पातळ थर घासून काढणं आहे. ओरखडा दिसेनासा होतो तो भरल्यामुळे नव्हे, त्याच्या आजूबाजूचा उंचवटा कमी झाल्यामुळे. आजकालच्या गाडीवर कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांच्या जाडीइतका. त्यातला वरचा चमकणारा क्लिअर कोट बहुतेक वेळा ५० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी. काढायला माल फारच थोडा आहे, हे पहिलं लक्षात ठेवायचं.

आता कडेकडे बघा. बॉनेटची धार, दरवाजाची कड, बॉडीवरचा कंगोरा. इथे तीन गोष्टी एकदम आपल्या विरुद्ध जातात. पहिली, ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ. दुसरी, फर्स्ट इयरचं सूत्र. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सपाट पत्र्यावर पॅड पूर्ण टेकतो. कडेवर तोच जोर एका बारीक रेषेवर येतो, म्हणजे दाब कितीतरी पट. तिसरी, उष्णता. घर्षणाची उष्णता सपाट पत्र्यात चारी बाजूंना पसरते, कडेला ती पसरायला जागाच नसते. बंपर प्लॅस्टिकचा असला तर आणखी कठीण, कारण प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही. दोन-चार सेकंदांत क्लिअर कोट जातो, खालचा रंग जातो आणि प्रायमर दिसायला लागतो. त्यानंतर पॉलिश नाही, पुन्हा पेंटिंग!

म्हणून मशीन सुरू करण्याआधी कडा, कंगोरे, रबराच्या पट्ट्या आणि नावाची अक्षरं यांवर ड्रूची टेप लावून घ्यायची. टेप दोन कामं करते. पॅड चुकून कडेवर गेला तर घासली जाते ती टेप, रंग नाही. आणि कड कुठे आहे हे डोळ्यांना सतत दिसत राहतं. मधलं सगळं काम झालं की टेप काढायची आणि ती झाकलेली बारीक पट्टी हाताने, मऊ कापडाने, हलकेच पॉलिश करायची.

गोलाईवरची अडचण वेगळी. मोठा सपाट पॅड फुगीर मडगार्डवर पूर्ण बसत नाही, एका ठिकाणीच टेकतो, आणि तो जरा तिरका झाला की टेकतो त्याचा काठ. काठाचा वेग सर्वांत जास्त. हिशोब करून बघा. १५० मिलीमीटरचा पॅड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्याचा काठ सेकंदाला जवळजवळ १२ मीटर पळतो, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर! ७५ मिलीमीटरचा छोटा पॅड त्याच फेऱ्यांना निम्म्या वेगाने पळतो आणि गोलाईवर बसतोही नीट. म्हणून वळणदार भागावर छोटा आणि मऊ पॅड, कमी फेरे, मशीनचं वजन सोडून वरून जोर नाही, आणि पॅड एका जागी थांबवायचा नाही. मनगट गोलाईबरोबर वळवत राहायचं, म्हणजे पॅड पृष्ठभागाला सपाट राहतो. मधून मधून हाताने पत्रा चाचपायचा, जास्त कोमट लागला तर थांबायचं.

मशीनही दोन प्रकारची असतात. नुसतं गोल फिरणारं रोटरी झटपट कापतं, पण चुकीला माफी नाही. ड्युअल ॲक्शन मशीनचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या वर्तुळातही हलतो. तो तिरका होऊन जास्त दाबला गेला तर त्याचं फिरणं मंदावतं किंवा थांबतं. शिकाऊ माणसाने हेच घ्यावं. रोटरीच वापरायचं असेल तर कडेजवळ पॅडची दिशा पत्र्याकडून बाहेर जाणारी हवी. बाहेरून आत येणारा पॅड कडेत घुसतो आणि मशीन हातातून उडतं. वायर खांद्यावरून मागे टाकायची, डोळ्यांवर गॉगल लावायचा आणि गळ्यातलं आय-कार्ड आधी काढून ठेवायचं. वर्कशॉपच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं सगळं इथे लागू आहे.

टेप काढायचीही पद्धत आहे. वर झटका द्यायचा नाही. टोक मागे दुमडून पृष्ठभागाला लगटून हळूहळू ओढायचं. ती उन्हात दिवसभर तशीच ठेवायची नाही, नाहीतर गोंद मागे राहतो. सोडायची वेळ चुकली की ड्रूच्या टेपचाही नाइलाज होतो.

पारदर्शक पट्टी आणि मंदीचे दिवस

मास्किंग टेप चालली, आणि ड्रूकडे लोक आपापल्या चिकटवायच्या अडचणी घेऊन यायला लागले. १९२९ च्या सुमारास सेंट पॉलच्याच एका कंपनीला रेल्वेच्या बर्फाच्या डब्यांसाठी लागणारं इन्सुलेशन ओलावा लागणार नाही असं गुंडाळून बंद करायचं होतं. त्याच सुमारास एका सहकाऱ्याने ड्रूला सेलोफेन दाखवला. काचेसारखा पारदर्शक, नवा कोरा कागद. याच्यावरच गोंद लावला तर, असं ड्रूला वाटलं.

पुन्हा तीच रड. सेलोफेन गोंदाच्या मशीनमध्ये चिरायचा, उष्णता लागली की गुंडाळायचा, गोंद सगळीकडे सारखा पसरायचा नाही. गोंद धरावा म्हणून आधी एक अस्तर द्यावं लागतं हे हळूहळू उमगलं. गोंदही बदलावा लागला, कारण मास्किंग टेपच्या तपकिरी गोंदाने पारदर्शकपणाच गेला असता. रबर, तेलं आणि राळ यांचं नवं मिश्रण बनलं. ८ सप्टेंबर १९३० रोजी पहिला रोल चाचणीसाठी शिकागोच्या एका गिऱ्हाइकाकडे गेला आणि पसंत पडला.

तारीख बघा. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता. कारखाने बंद पडत होते, लाखो माणसं बेकार झाली होती. अशा वेळी नवीन वस्तू कोण घेणार? पण झालं उलटंच. नवीन घ्यायला पैसे नसल्यामुळे लोक जुनं जपायला लागले. फाटलेली पुस्तकाची पानं, मुलांची खेळणी, पडदे, अगदी फाटक्या नोटासुद्धा लोकांनी या पट्टीने जोडल्या. जी वस्तू बेकऱ्या आणि दुकानदारांची पाकिटं बंद करायला काढली, ती घराघरात दुरुस्तीची वस्तू झाली. १९३२ मध्ये कंपनीच्या जॉन बोर्डनने तिच्यासाठी कापायची धार असलेला स्टँड बनवला. त्याआधी रोलचं टोक शोधण्यात लोकांची अर्धी पट्टी वाया जायची. (ते दुःख आपल्या हॉस्टेलमध्ये अजून संपलेलं नाही.)

न जमणाऱ्यांची प्रयोगशाळा

इतकं यश मिळाल्यावर ड्रू एखाद्या मोठ्या केबिनमध्ये जाऊन बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९४३ मध्ये त्याने कंपनीत एक वेगळी प्रयोगशाळा सुरू केली, जिचं नाव पुढे प्रो-फॅब लॅब म्हणून गाजलं. तिथे त्याने जी माणसं जमवली त्यांत इतर विभागांत न रुळलेले, साहेबांशी न पटणारे, पण डोक्यात काहीतरी किडा वळवळणारे असे बरेच जण होते. त्यांना तो मोकळं सोडायचा. दवाखान्यात त्वचेला त्रास न देणारी जी कागदी पट्टी डॉक्टर वापरतात आणि रस्त्यावरच्या पाट्या रात्री गाडीच्या दिव्यात ज्यामुळे चमकतात ते परावर्तक कापड, अशा वस्तूंच्या कामात या लॅबचा हात होता.

यात ड्रूचा मोठेपणा मला सर्वांत जास्त दिसतो. ज्या मोकळिकीसाठी त्याला स्वतःला नव्व्याण्णव डॉलरच्या ऑर्डर लपवाव्या लागल्या, ती मोकळीक त्याने पुढच्या पोरांना न मागता दिली. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. ज्याचं रॅगिंग झालं तो पुढच्या वर्षी रॅगिंग करतो. ज्याला सरांनी वायवात छळलं तो सर झाल्यावर छळतो. ड्रूने ती साखळी तोडली.

१९६२ मध्ये तो निवृत्त झाला आणि १४ डिसेंबर १९८० रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे वारला. २००७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीनेही पारदर्शक टेपच्या शोधाला ऐतिहासिक मानाचं स्थान दिलं.

मित्रांनो, ड्रूने कॉलेज सोडलं म्हणून आपणही सोडावं, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. (घरी हे मासिक दाखवताना हे वाक्य अधोरेखित करावं.) कॉलेज सोडलेले तर पुष्कळ असतात. ड्रू मोठा झाला तो दुसऱ्याच्या कामाची नासाडी बघून थांबला म्हणून, आणि तिथे दिलेला शब्द दोन वर्षं विसरला नाही म्हणून. ज्याला शब्द दिला तो काही मंत्री नव्हता, कंपनीचा डायरेक्टर नव्हता, रंगाने माखलेला एक कारागीर होता.

आणि आमच्या शिक्षकवर्गाला एवढंच सांगणं की या गोष्टीत एक मॅकनाइटसाहेबही आहेत. हुकूम त्यांनी दिला, मोडलेला बघितला, आणि नको त्या क्षणी ते बोलले नाहीत. किती धरायचं आणि केव्हा सोडायचं, हे त्या पट्टीइतकंच त्या साहेबांनाही कळत होतं.

कधी गॅरेजवरून जाताना पॉलिश होऊन बाहेर आलेली गाडी दिसली तर जरा थांबून तिच्या कडा बघा. धार शाबूत, रंग सलग, कुठे डाग नाही. टेपचा मागमूसही नसतो. ती खाली फरशीवर चुरगळून पडलेली असते आणि थोड्या वेळात झाडूबरोबर निघून जाते. गाडीचा मालक चमक बघून पैसे देतो, कारागिराचं कौतुक करतो आणि गाडी घेऊन जातो.